न गाजलेलं कॉमिक्स दुसऱ्याला वाचायला कसं लावावं

शॉन टॅन यांचं 'द अरायव्हल' मी एका मित्राच्या हातात दिलं तेव्हा एवढंच म्हणालो, "अफाट आहे, एकही शब्द नाही यात." अर्ध्या तासात पुस्तक परत. "पाहिलं. चित्रं छान आहेत."

पाहिलं म्हणाला, वाचलं नाही म्हणाला. यात त्याची काहीच चूक नव्हती. शब्द नाहीत म्हटल्यावर माणूस भराभर पानं उलटणारच. मी पुस्तकाची तारीफ केली होती, ते वाचायचं कसं हे सांगायचं राहून गेलं होतं. गाजलेल्या पुस्तकाचं बरं असतं, वाचक चार ठिकाणी ऐकून, मनाची तयारी करूनच येतो. कोपऱ्यात पडलेल्या कॉमिक्सच्या वाट्याला ही तयारी येत नाही. ती तुम्हाला करून द्यावी लागते.

आधी स्वतः परत वाचा

दहा वर्षांपूर्वी आवडलेलं कॉमिक्स आठवणीत आणखीच सुंदर होऊन बसतं. म्हणून शिफारस करण्याआधी ते एकदा परत वाचा, आणि वाचताना एकच गोष्ट टिपून ठेवा: आपण कुठल्या पानावर थांबलो?

'द अरायव्हल'मध्ये मी पहिल्याच पानावर थांबतो. नऊ सारख्या चौकटी. कागदाचा घडीचा पक्षी, घड्याळ, टोपी, लहान मुलानं काढलेलं चित्र, किटली, भरायला घेतलेली बॅग, कुटुंबाचा फोटो. कोणीतरी घर सोडून निघालंय हे न सांगता कळतं. पुस्तक संपत आलं की तशाच नऊ चौकटींचं पान पुन्हा येतं, पण आता वस्तू नव्या मुलखातल्या असतात. त्या दोन पानांच्या मध्ये एका माणसाचं आयुष्य बदललेलं असतं. मित्राला मी फक्त म्हणायला हवं होतं, "पहिलं पान नीट बघून ठेव, शेवटी लागेल."

पुस्तक नंतर, माणूस आधी

"तुला कॉमिक्स आवडतात का?" हा प्रश्न विचारूच नका. बहुतेकांच्या डोळ्यांपुढे लहान मुलं किंवा केप घातलेले हिरो येतात आणि उत्तर 'नाही' येतं. त्याऐवजी विचारा, इतक्यात शेवटपर्यंत काय वाचलंस किंवा पाहिलंस? तिथून धागा पकडायचा.

आपल्याच वयाच्या मुलींची प्रेमप्रकरणं, आईबापांची कटकट, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भानगडी आवडणारी वाचक असेल, तर मार्गरीत अबुए आणि क्लेमाँ उब्रेरी यांची 'आया' मालिका. गोष्ट आयव्हरी कोस्टमधल्या आबिजानच्या एका वस्तीत, १९७०च्या दशकाच्या अखेरीस घडते, आणि आफ्रिका म्हटलं की दुष्काळ आणि युद्धच अपेक्षित असणाऱ्याला सुखद धक्का देते. पहिल्या भागाला २००६ साली फ्रान्समधल्या आंगुलेमच्या कॉमिक्स महोत्सवात पुरस्कार मिळाला होता. त्यामुळे 'दुर्लक्षित' या शब्दावर वाद घालत बसू नका. जगात गाजलेलं पुस्तक तुमच्या मित्रमंडळात कोणी ऐकलेलं नसेल, तर तुमच्यापुरतं ते दुर्लक्षितच.

उलट, जिरो तानिगुची यांचं 'द वॉकिंग मॅन' रहस्यकथांच्या भक्ताला देऊ नका. एक माणूस गल्लीबोळांतून चालतो, झाडाखाली थांबतो, पावसात भिजतो. बस. ज्याला संध्याकाळी उगाच लांबून फिरत घरी यायला आवडतं त्याला ते द्या, तो तुम्हाला दुवा देईल.

आणि एका वेळी एकच. पाच नावांची यादी पाठवली की त्यातलं एकही वाचलं जात नाही. हे मी स्वतःच्या फोनमधल्या याद्यांवरून सांगतोय.

विशेषणं गाळा, पान उघडा

'जबरदस्त', 'हृदयस्पर्शी', 'चुकवू नये असं' हे शब्द कुठल्याही पुस्तकाला चिकटतात, म्हणून ते निरुपयोगी. कॉमिक्सची सोय अशी की नमुना दाखवायला एक मिनिट पुरतं.

'भीमायन'चं उदाहरण घ्या. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी रेखाटलेलं बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यावरचं हे पुस्तक २०११ साली आलं. "आंबेडकरांचं चरित्र आहे, चित्रांत" एवढंच सांगितलंत तर समोरचा म्हणेल, माहीत आहे सगळं. त्याऐवजी संवादांचे फुगे दाखवा. मायेनं बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि ज्याचे शब्द डंख मारतात त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. एवढं दाखवून गप्प बसा. पुढची पानं तो आपणहून उलटेल, कुठला फुगा कसा आहे ते शोधत.

मोठ्या पुस्तकाची छोटी आवृत्ती असेल तर ती आधी द्या. रिचर्ड मॅग्वायर यांचं 'हिअर' २०१४ साली सुमारे तीनशे पानांचं पुस्तक झालं, पण त्याचं बीज १९८९ सालच्या सहा पानांच्या कथेत आहे. खोलीचा एकच कोपरा, आणि त्यात एकमेकांवर चढलेली वेगवेगळी सालं. सहा पानं वाचून ज्याचे डोळे चमकतील त्यालाच तीनशे पानं द्यायची. बाकीच्यांचा वेळ वाचला.

खोड आधीच सांगून टाका

आपण इथेच कचरतो, आणि शिफारस बहुतेक वेळा इथेच फसते.

फाबियो मून आणि गाब्रिएल बा या जुळ्या भावांच्या 'डेट्रिपर'मध्ये पहिल्या प्रकरणाच्या शेवटी नायक मरतो. दुसऱ्यात तो पुन्हा हजर, वेगळ्या वयाचा, आणि पुन्हा मरतो. न सांगता दिलं तर वाचक गोंधळून पुस्तक मिटतो. सगळं सांगितलं तर मजा गेली. मी इतकंच सांगतो, "दुसरं प्रकरण संपेपर्यंत मला शिव्या घालू नकोस."

केइजी नाकाझावा यांच्या 'बेअरफूट गेन'मधली चित्रं पहिल्यांदा बघणाऱ्याला पोरकट वाटतात. गोल डोळे, टपल्या, आरडाओरडा. मग हिरोशिमावर बॉम्ब पडतो. तो पडला तेव्हा लेखक स्वतः त्या शहरात होता, सहा वर्षांचा. चित्रांवरून कोणी ते शाळकरी मुलाच्या हाती देण्याआधी आतलं दृश्य किती भयंकर आहे हे स्पष्ट सांगा.

बारीकसारीक गोष्टीही असतात. जपानी कॉमिक्स, म्हणजे मांगा, बऱ्याचदा उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो. मोठ्या आकाराचं पान फोनवर बघितलं तर अर्धा परिणाम मरतो.

मिळतंय का ते बघा

ओरिजित सेन यांचं नर्मदा आंदोलनावरचं 'रिव्हर ऑफ स्टोरीज' १९९४ सालचं. पुढे कित्येक वर्षं ते मिळत नव्हतं, २०२२ साली पुन्हा छापलं गेलं. त्या मधल्या काळात शिफारस करणं म्हणजे वाचकाला नुसतंच तरसवणं होतं. छापील प्रत नसेल तर आपली द्या. चोरून स्कॅन केलेली फाइल मात्र पाठवू नका. कमी खपणाऱ्या पुस्तकाला एकेक विकलेली प्रत मोलाची असते.

दिल्यानंतर

"वाचलंस का?" असा मेसेज आठवड्याला टाकला की पुस्तकाचा गृहपाठ होतो. परत येईल तेव्हाच विचारा, आणि आवडलं का असं न विचारता कुठल्या पानावर सोडलंस ते विचारा. एका सहकारी बाईंनी 'भीमायन' मध्येच सोडलं होतं. "चौकटीच नाहीत, आधी काय वाचायचं तेच कळेना," म्हणाल्या. विषय आवडला होता, पानाची मांडणी नवखी होती. पुढच्या वेळी मी त्यांना सरळ चौकटींचं 'आया' दिलं, आणि 'भीमायन' त्यांच्याकडेच राहू दिलं.