मपेट फिगरचे जखडलेले सांधे सोडवताना
पॅलिसेड्स टॉइज या अमेरिकी कंपनीने 2002 पासून काढलेल्या टीव्हीवरच्या ‘मपेट’ बाहुल्यांच्या फिगर, म्हणजे सांधे हलणाऱ्या छोट्या प्रतिकृती, संग्राहकांना हव्या असतात, त्या विशेषतः डॉक्टर टीथ या मपेटचा अख्खा बँड वाद्यांसकट जमवण्यासाठी. मात्र जुनी फिगर हाती येताच तिचा हात फिरवून पाहण्याचा मोह आवरावा. रंगामुळे किंवा वर्षानुवर्षे न हलल्यामुळे सांधा जखडलेला असल्यास, जोर लावताच आतली बारीक खुंटी पिळवटून तुटते आणि ती चिकटवून पुन्हा पहिल्यासारखी क्वचितच होते. तो भाग मिनिटभर गरम, पण उकळत्या नव्हे, अशा पाण्यात धरावा, प्लास्टिक नरमल्यावर दोन्ही बाजूंना हळूहळू हलवावा. कापडी पोशाख असल्यास हेअर ड्रायरची मंद ऊब बरी. सुटी वाद्ये लगेच वेगळी ठेवावीत, कारण हरवलेली वाद्ये स्वतंत्रपणे मिळवणे महागात पडते.