जुन्या व्हॉल्व्ह गिटार ॲम्पला इफेक्ट्स लूप कसा बसवावा

गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज-वडसा भागात भाऊबीजेनंतर मंडया (गावोगावच्या जत्रा) सुरू झाल्या, की झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात. मग ॲम्प उघडायला कुणालाच सवड नसते. म्हणून इफेक्ट्स लूप, म्हणजे प्रीॲम्प आणि पॉवर व्हॉल्व्ह यांच्या मध्ये पेडल जोडायची वाट, बसवायचे काम धानाच्या रोवणीनंतरच्या मोकळ्या दिवसांत करावे.

आधी एक तपासा: तुमच्या ॲम्पचा आवाज नेमका कुठे फाटतो? मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) अगदी कमी ठेवून प्रीॲम्पचा, म्हणजे सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाचा, व्हॉल्यूम वाढवा. हळू आवाजातही सूर फाटत असेल, तर फाटणे प्रीॲम्पमध्ये आहे आणि लूपचा खरा फायदा तुम्हालाच होईल. डिले (प्रतिध्वनी देणारे) पेडल ॲम्पच्या आधी लावले, की प्रतिध्वनीही सुरासोबत फाटतो आणि सगळा गोंधळ होतो. लूपमध्ये आधी सूर फाटतो, मग त्याचा प्रतिध्वनी निघतो, म्हणून तो स्वच्छ ऐकू येतो. पण मास्टर नसलेल्या ॲम्पमध्ये बरेचसे फाटणे शेवटच्या पॉवर व्हॉल्व्हमध्ये होते, म्हणजे लूपच्याही पुढे. तिथे लूप बसवू नका, असेच मी सांगेन. जुने ॲम्प विनाकारण उकरायचे नसते.

आता जिवाची गोष्ट. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ३००-४०० व्होल्ट साठलेले असतात. १० के (के म्हणजे किलो-ओहम), ५ वॅटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड क्लिपांनी प्रत्येक कपॅसिटरला जोडून काही सेकंद धरा आणि मल्टिमीटरवर व्होल्टेज शून्याजवळ आल्याची खात्री करा. एक हात खिशात ठेवायची सवय लावा. हाय व्होल्टेजचे काम कधी केले नसेल, तर सोल्डरिंग स्वतः करा, पण जाणकार मेकॅनिकला शेजारी बसवूनच.

लूपला एक ईसीसी८३ (एकाच काचेत दोन भाग असलेला छोटा व्हॉल्व्ह) पुरतो. त्याचा अर्धा भाग सिग्नल बाहेर पाठवतो (सेंड), अर्धा परत आलेला सिग्नल उचलतो (रिटर्न). याचा हीटर, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणारी आतली तार, ६.३ व्होल्टवर ३०० मिलिअँपिअर ओढतो, आणि जुन्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तेवढी ताकद उरली आहे का, ते मोजल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे संध्याकाळी लाइन २०० व्होल्टवर येते, तेव्हा ६.३ चे आपोआपच साडेपाच होतात. म्हणून नवा व्हॉल्व्ह लावण्याआधी आणि नंतर हीटर मोजताना दोन्ही वेळा लाइनही मोजा. लाइन तेवढीच असून हीटर बराच खाली गेला किंवा ट्रान्सफॉर्मर जास्त तापू लागला, तर थांबा.

सॉकेटसाठी मूळ चेसिसला भोक पाडू नका. आधीपासून असलेल्या स्क्रूवर छोटी एल-पट्टी कसा आणि सॉकेट मेन ट्रान्सफॉर्मरपासून लांब ठेवा. हीटरला पिन ४ आणि ५ एकत्र जोडून एक तार, दुसरी पिन ९ वर. दोन्ही तारा एकमेकींना पिळून न्या.

टोन कंट्रोलकडून मास्टरच्या वरच्या पायाला येणारी तार तिथून सोडवा. ती ०.०२२ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून पिन २ ला द्या. पिन १ थेट एचटीला (व्हॉल्व्हच्या हाय व्होल्टेज पुरवठ्याला). पिन ३ पासून १.५ के आणि त्याच्यापुढे ४७ के अर्थला. पिन २ पासून १ मेगचा (मेगओहमचा) रेझिस्टन्स या दोघांच्या जोडावर आणा. पिन ३ वरूनच १ मायक्रोफॅरड, मग १०० के, असे सेंड जॅकला न्या आणि जॅकपाशी ४.७ के अर्थला लावा. या शेवटच्या दोन रेझिस्टन्समुळे सिग्नल बाविसाव्या हिश्श्यावर येतो. प्रीॲम्पचे कित्येक व्होल्ट सरळ पेडलमध्ये गेले, तर पेडलमध्येच आवाज फाटेल.

रिटर्न जॅकवरून ६८ के मार्गे पिन ७ ला या, जॅकवर १ मेग अर्थला. पिन ६ ला १०० के मार्गे एचटी, पिन ८ ला १.५ के अर्थला. पिन ६ वरून ०.०२२ मायक्रोफॅरडमधून मास्टरच्या वरच्या पायाला. सगळे कपॅसिटर किमान ४०० व्होल्टचे घ्या. एचटी प्रीॲम्पच्या फिल्टर कपॅसिटरवरून १० के मार्गे आणा आणि तिथे २२ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचा वेगळा कपॅसिटर लावा.

रिटर्नचा जॅक स्विचवाला हवा. पेडल नसताना सेंडचा सिग्नल त्या स्विचमधून आपोआप पुढे जायला हवा. जॅकपर्यंत शिल्डेड वायर वापरा आणि तिची जाळी एकाच टोकाला अर्थ करा. माझ्या पहिल्या कामात मी दोन्ही टोके अर्थ केली होती, तेव्हा दोन दिवस घुंऽऽ आवाज शोधत बसलो.

पहिल्यांदा चालू करताना स्पीकर जोडलेला हवाच, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. सिरीज बोर्डवर (यात करंट बल्बमधून होऊनच ॲम्पला जातो) जुन्या पिवळ्या प्रकाशाचा १०० वॅटचा बल्ब लावून करंट द्या. एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर लगेच बंद करा आणि पिना पुन्हा तपासा.

आवाज आधीपेक्षा थोडा जोरात वाटेल, तेव्हा मास्टर जरा खाली घ्या. मग डिले लावा, एकच तार छेडा आणि शेवटचा प्रतिध्वनी विरेपर्यंत ऐका.