डेस्कटॉप उघडत नाही? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

उबुंटू लिनक्स सुरू केलं, पासवर्ड टाकला, स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि पुन्हा लॉगिनचाच पडदा समोर. किंवा तिथवरही पोहोचलं नाही, नुसता काळोख आणि लुकलुकणारा कर्सर. अशा वेळी बरेच जण थेट फॉरमॅट मारायला घेतात. सगळ्यात मोठी चूक तीच. डेस्कटॉप हा लिनक्सचा वरचा मजला आहे. तो पडला तरी खालचं घर बहुधा शाबूत असतं आणि फायली जागच्या जागी असतात.

आधी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. कन्सोल, म्हणजे नुसत्या अक्षरांचा पडदा उघडेल, तिथे नाव-पासवर्ड टाका. पासवर्ड टाइप करताना काहीही दिसत नाही, ते तसंच असतं. इथून पुढच्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमन लहान अक्षरं वापरा. सिस्टीमची भाषा मराठी ठेवली असेल तर संदेशांच्या जागी चौकोन दिसतील, कारण या साध्या कन्सोलला देवनागरी दाखवता येत नाही. 'एक्सपोर्ट एलसी_ऑल=सी' द्या, म्हणजे संदेश इंग्रजीत येतील. यातलं एलसी_ऑल आणि सी मात्र मोठ्या अक्षरांत हवं.

पासवर्ड बरोबर, तरी परत लॉगिन

पहिला संशय डिस्कवर घ्या. 'डीएफ -एच' द्या आणि रूट (नुसती / असलेली) व होम यांच्या ओळी बघा. वापर 100% दिसला तर चोर तिथेच सापडला. ईएक्सटी४ फाइलसिस्टीम (डिस्कवर फायली ठेवण्याची पद्धत) साधारण 5% जागा रूट या मुख्य वापरकर्त्यासाठी राखून ठेवते. त्यामुळे डिस्क भरली तरी रूटच्या सेवा चालू राहतात, पण तुमच्या नावाने सुरू होणाऱ्या डेस्कटॉपला चिमूटभर फाईलही लिहिता येत नाही आणि तो लगेच बंद पडतो. 'सुडो एपीटी क्लीन' आणि 'सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=200एम' (हा एम मोठा) एवढ्याने सहसा श्वास घेण्यापुरती जागा होते. जागा शिल्लक दिसत असूनही लिहिता येत नसेल तर 'डीएफ -आय' बघा. लाखो बारीक फायलींनी आयनोड (प्रत्येक फाईलची नोंद ठेवायच्या जागा) संपलेले असू शकतात.

दुसरा संशय सुडोवर, म्हणजे रूटच्या अधिकाराने कमांड चालवण्यावर. 'सुडो स्टार्टएक्स' देणं किंवा ग्राफिकल प्रोग्रॅम सुडोने उघडणं ही फार पसरलेली सवय आहे. त्याने होममधली डॉट-एक्सऑथॉरिटी (नाव टिंबाने सुरू होणारी) ही फाईल रूटच्या नावावर जाऊ शकते. पडदा रंगवणाऱ्या एक्स सर्व्हरच्या दाराची किल्ली या फाईलमध्ये असते. ती तुम्हालाच वाचता आली नाही तर दार उघडणार कसं? 'एलएस -एलए' देऊन तिसरा आणि चौथा रकाना बघा. तिथे तुमच्या नावाऐवजी रूट, रूट दिसलं तर 'सुडो चोन', मग तुमचं लॉगिन नाव आणि त्या फाईलचं नाव (यातला एक्स मोठा) देऊन मालकी परत घ्या. डॉट-आयसीईऑथॉरिटीचीही तीच गत होते, तीही तपासा.

इथेच काही जण वैतागून 'चमॉड -आर 777' (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) सगळ्या सिस्टीमवर चालवतात. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! त्याने सुडो स्वतःच चालेनासं होतं, दुरून लॉगिन करायचं एसएसएच किल्ल्या नाकारतं, आणि मूळ परवानग्या परत आणणं जवळपास अशक्य. सैल परवानगी टेम्प (स्लॅश टीएमपी) सारख्या फोल्डरला लागते, तीही 777 नव्हे, 1777. 'एलएस -एलडी' आणि पुढे त्या फोल्डरचं नाव दिल्यावर परवानगीच्या शेवटी टी दिसायला हवा.

मूळ कळत नसेल तर 'सुडो अ‍ॅडयूझर चाचणी' (नाव रोमनमध्येच) देऊन नवा वापरकर्ता करा आणि त्याने लॉगिन करून बघा. तो आत गेला तर सिस्टीम निर्दोष, दोष तुमच्या होममध्ये. डॉट-प्रोफाइलमध्ये राहिलेला एक 'एक्झिट' शब्दही डेस्कटॉप बंद पाडायला पुरतो.

कर्नल बदलला आणि पडदा काळा

कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर ड्रायव्हरचं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) प्रत्येक कर्नलसाठी वेगळं लागतं. आधी सुरू होताना ग्रब या बूट प्रोग्रॅमच्या मेनूतून जुना कर्नल निवडा. मेनू दिसत नसेल तर एस्केप, जुन्या बायोसवर शिफ्ट. जुन्यावर डेस्कटॉप उघडला तर 'डीकेएमएस स्टेटस' द्या. यादीत नवा कर्नल नसेल तर त्याचे हेडर्स (मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या फायली) बहुधा बसवायचे राहिलेत.

सिक्युअर बूट (सही नसलेला कोड नाकारणारी सोय) चालू असताना एक चूक हमखास होते. ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड विचारला जातो आणि पुढच्या वेळी सुरू होताना निळा पडदा येतो. तिथे 'एन्रोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाईत 'कंटिन्यू बूट' दाबलं की मॉड्यूलवरची सही मान्य होत नाही आणि 'मॉडप्रोब एनव्हिडिया' दिल्यावर 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं उत्तर मिळतं.

ग्रबमध्ये 'नोमोडसेट' (साध्या पडद्यावर चालवणारा पर्याय) लिहून आत जाता येतं, पण ते तात्पुरतं. कायम ठेवलं तर रिझोल्यूशन खालावतं आणि ड्रायव्हर नीट कामच करत नाही. जुन्या कार्डासाठी लिहिलेली एक्सऑर्ग.कॉन्फ ही सेटिंगची फाईल राहिली असेल तर तिचं नाव बदला. आजचा एक्स सर्व्हर बहुतेक वेळा तिच्याविना स्वतःच कार्ड ओळखतो.

लॉग शेवटून वाचू नका

एक्सऑर्गच्या, म्हणजे एक्स सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) कंसात ईई (एरर) असलेल्या ओळी शोधा. पहिली अशी ओळ नुसती खुणांची यादी असते, ती सोडा. शेवटची 'नो स्क्रीन्स फाउंड' हा परिणाम आहे. कारण तिच्या वर, बहुधा 'फेल्ड टू लोड मॉड्यूल' या ओळीत असतं. एक्सऐवजी नवी वेलँड पद्धत असेल तर 'जर्नलसीटीएल -बी' बघा. मशीन पुन्हा सुरू केलं असेल तर '-बी -1', नाहीतर चुकीच्याच वेळची नोंद वाचत बसाल.

आणि काहीतरी काढून टाकल्यावर डेस्कटॉप गेला असेल तर एपीटीच्या (पॅकेजेस बसवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) हिस्टरी लॉगमध्ये त्या दिवशी काय काय निघालं ते सगळं लिहिलेलं असतं. तीच पॅकेजेस पुन्हा बसवा. कन्सोलवर वायफाय जुळत नसेल तर मोबाईल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, इंटरनेट बहुधा आपोआप मिळतं.