इंग्रजी सर्वनामं: मराठी माणूस नेमका कुठे अडखळतो

'आय, मी, माय, माइन' हा तक्ता शाळेत घोकलेला असतो. तरीही चुका होतात, कारण वाक्य आधी मराठीत जुळतं.

सगळ्यात जास्त गळणारं सर्वनाम म्हणजे 'इट'. "पुस्तक मिळालं का?" "हो, मिळालं." मराठीत एवढ्यावर भागतं; काय मिळालं ते 'मिळालं' या रूपावरूनही थोडंफार कळतं. इंग्रजी क्रियापद असा काही पत्ता लागू देत नाही, म्हणून 'येस, आय गॉट' अधांतरी राहतं. 'येस, आय गॉट इट' म्हणायचं. गेट, लाइक, ब्रिंग यांसारखं क्रियापद आलं की स्वतःला विचारा, "काय?" उत्तर वाक्यात नसेल तर 'इट' किंवा 'देम' घाला. हवा आणि वेळ सांगतानाही 'इट' लागतंच: 'इट इज रेनिंग'. इथे त्याला अर्थ काहीच नाही, पण कर्त्याची जागा इंग्रजीत रिकामी ठेवता येत नाही.

'जो-तो'च्या सवयीने मात्र एक सर्वनाम जास्तीचं येतं: 'द बॉय हू केम, ही इज माय कझिन'. यातला 'ही' काढून टाका.

आदरार्थी बहुवचन इंग्रजीत नेऊ नका. सर एकटेच आले असतील तर 'ही', कितीही मोठे असले तरी. एका व्यक्तीसाठी 'दे' येतं ते वेगळ्या कारणाने. माणूस कोण ते ठाऊक नसलं की 'समवन हॅज लेफ्ट देअर अंब्रेला' हे बरोबर आहे. स्वतःला स्त्री किंवा पुरुष न म्हणवणाऱ्या काही व्यक्तीही 'दे' निवडतात. मेरियम-वेबस्टर या अमेरिकी शब्दकोशाने 2019 साली 'दे' हा वर्षाचा शब्द निवडला. असं 'दे' एकाच व्यक्तीसाठी असलं तरी पुढे 'आर'च येतं.

'आपला' आणि 'त्याचा' हा मराठीतला सोयीचा फरक इंग्रजीत नाही. 'रोहन मेट अमित अँड सोल्ड हिज बाइक' यात बाइक कोणाची? रोहनची असेल तर 'हिज ओन बाइक', नाहीतर सरळ 'अमित्स बाइक' लिहा. नाव दोनदा आलं तरी चालेल, घोटाळा नको.

'सर कॉल्ड संजय अँड आय' की 'संजय अँड मी'? संजयला वाक्यातून काढा. 'सर कॉल्ड आय' कानाला खटकतं, म्हणजे 'मी'. अधिक सभ्य वाटतं म्हणून 'आय' वापरणारे पुष्कळ, पण ते चूकच. 'बिट्वीन'नंतरही हाच नियम: 'बिट्वीन यू अँड मी'.

'मायसेल्फ राहुल' अशी ओळख करून देऊ नका. 'मायसेल्फ'ला सहसा त्याच वाक्यात आधी 'आय' लागतो: 'आय कट मायसेल्फ'. ओळखीला 'आय अ‍ॅम राहुल' पुरे.

लिहिताना 'इट्स'मध्ये अपॉस्ट्रॉफी द्यायची की नाही, याची चाचणी सोपी आहे. त्या जागी 'इट इज' किंवा 'इट हॅज' बसत असेल तर द्या. 'द डॉग वॅग्ड इट्स टेल' यात दोन्ही बसत नाहीत, म्हणून अपॉस्ट्रॉफी नाही.