कमी गुणांवर मेडिकलचा अर्ज भरताय? या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की आठवडाभर स्टाफरूमच्या दारात पालक येऊन थांबतात. हातात गुणपत्रिकेची घडी आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "मॅडम, दहावीला हिला बासष्टच होते हो. मेडिकलला घेतील का?" परळच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते. हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी माझा जीव तुटतो, कारण काळजी भलत्याच आकड्याची चाललेली असते.

उत्तर आधीच देते. दहावीचे टक्के कुणी विचारत नाही. एमबीबीएसची गुणवत्ता यादी लागते ती नीट या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेत ७२० पैकी मिळालेल्या गुणांवर. दोन मुलांचे गुण सारखे आले तर आधी जीवशास्त्राचे, मग रसायनशास्त्राचे, मग भौतिकशास्त्राचे गुण बघतात. बारावीची टक्केवारी तिथेही मध्ये येत नाही. दहावीची गुणपत्रिका फाइलला लावायची ती जन्मतारखेसाठी आणि शिक्षण महाराष्ट्रात झाल्याचा पुरावा म्हणून.

मग जुने गुण आडवे येतात कुठे? पात्रतेच्या अटीत. तिथे मात्र एकेक गुण मोलाचा असतो.

एकूण टक्के बघितले, पीसीबीची बेरीज केलीच नाही

करोनाच्या आधीची गोष्ट. लालबागहून एक वडील मुलीला घेऊन आले. एकूण ५६ टक्के होते, म्हणून ते निर्धास्त होते. मी वहीच्या मागच्या पानावर तीन आकडे एकाखाली एक लिहिले: भौतिकशास्त्र ४१, रसायनशास्त्र ४७, जीवशास्त्र ६०. बेरीज १४८. खुल्या प्रवर्गाला या तीन विषयांत, म्हणजे पीसीबीत, मिळून ३०० पैकी १५० लागत होते. मराठीत आणि इंग्रजीत मिळवलेले चांगले गुण या बेरजेत धरतच नाहीत; इंग्रजीत फक्त पास असावं लागतं. वडील त्या १४८ कडे बघत राहिले. मग म्हणाले, "पण आम्ही ओबीसी आहोत ना, आम्हाला चाळीसच टक्के लागतात." बरोबर होतं त्यांचं. जातीचा दाखलाही पिशवीत होता. जात वैधता प्रमाणपत्र नव्हतं आणि नॉन-क्रिमिलेअरची, म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याच्या दाखल्याची, मुदत संपलेली होती. कागद अपुरे म्हणजे मुलगी खुल्या प्रवर्गात, आणि खुल्या प्रवर्गात ती दोन गुणांनी बाहेर.

त्या दिवशी ती मुलगी काहीच बोलली नाही. वहीचं ते पान मात्र तिने माझ्याकडून मागून घेतलं.

अशा वेळी हातपाय गाळायचे नाहीत. आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायची, विषयाच्या शिक्षकांकडून ती तपासून घ्यायची आणि खरंच गुण राहिलेले दिसले तर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा. छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकन होत नाही आणि मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून निकालाच्या दुसऱ्याच दिवशी कामाला लागा. तिचा पेपर बरोबर तपासलेला निघाला. दुसरा रस्ता श्रेणीसुधार योजनेचा, म्हणजे पास झालेल्या मुलाने गुण वाढवण्यासाठी पुन्हा परीक्षा देणं. तिने ती दिली, भौतिकशास्त्रात ४१ चे ५८ केले आणि तेवढ्या काळात वडिलांनी वैधता प्रमाणपत्र काढलं. एक वर्ष गेलं हे खरं. पुढच्या वर्षी मुंबईबाहेरच्या सरकारी कॉलेजात तिला जागा मिळाली.

५० आणि ४० टक्क्यांची ही अट वर्षानुवर्षं चालत आलेली आहे. तरी ज्या वर्षी अर्ज भरणार, त्या वर्षीची माहितीपुस्तिका पात्रतेच्या पानापासून स्वतः वाचा. क्लासवाल्याने सांगितलं, शेजारच्या ताईने सांगितलं, यावर जाऊ नका.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के असं धरून चालणं

नीट पात्र व्हायला खुल्या प्रवर्गाला ५० पर्सेंटाइल लागतं. म्हणजे परीक्षा दिलेल्या निम्म्या मुलांच्या पुढे असणं; ७२० चे निम्मे ३६० गुण नव्हेत. २०२५ साली हे ५० पर्सेंटाइल १४४ गुणांवर आलं होतं. काही घरांत ३०० गुण मिळवलेली मुलं "नापास" म्हणून रडत बसतात आणि बीडीएस (दंतवैद्यक), बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएसच्या (होमिओपॅथी) जागांसाठीही नाव नोंदवत नाहीत. काही घरांत उलट घडतं: १५० गुण आले, पात्र झालो, म्हणून पेढे वाटतात. पात्र होणं म्हणजे रांगेत उभं राहायला मिळणं. सरकारी कॉलेजातली जागा त्याच्या कितीतरी वर सुटते.

मार्क कमी का पडले, हे न शोधताच क्लास लावणं

इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त पैसे आणि वर्षं इथेच वाया जातात.

माझ्या वर्गात दरवर्षी मराठी माध्यमातून आलेली हुशार मुलं असतात. दहावीपर्यंत विज्ञान मराठीत शिकलेली. अकरावीला अचानक सगळं इंग्रजीत. ऊती म्हणजे टिश्यू, पेशीविभाजन म्हणजे सेल डिव्हिजन, हे जुळवण्यातच पहिले चार महिने जातात. अकरावी कच्ची राहते, आणि "अकरावीला काय, पास झालं की बास" हे घरोघरी चालूच असतं. नीटमध्ये अकरावी आणि बारावी दोन्हींचा अभ्यासक्रम असतो. अशा मुलाला थेट टेस्ट सिरीज लावून देणं म्हणजे पाया न घालता गिलावा करणं.

एक वही करा. चुकलेला प्रत्येक प्रश्न कोणत्या इयत्तेच्या कोणत्या धड्यातला आहे आणि तो का चुकला, एवढंच त्यात लिहा: संकल्पना कळली नव्हती, इंग्रजी शब्द अडला की घाई झाली. तीन आठवड्यांत दुखणं कुठे आहे ते स्वच्छ दिसतं. शब्द अडत असतील तर नीटचा अर्ज भरताना मराठी भाषा निवडता येते; त्या प्रश्नपुस्तिकेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही असतं. अर्थाबद्दल वाद झाला तर इंग्रजी प्रश्न ग्राह्य धरतात, हे लक्षात ठेवून दोन्ही वाचायची सवय लावा. राज्य मंडळाच्या मुलांनी एनसीईआरटीची, म्हणजे केंद्रीय अभ्यासक्रमाची, पुस्तकंही ओळ न ओळ वाचायला हवीत.

आणखी एक. १८० प्रश्नांतले ९० जीवशास्त्राचे, म्हणजे निम्मे गुण तिथेच. भौतिकशास्त्र कच्चं असलेल्या मुलाला मी सांगते, बाळा, आधी जीवशास्त्र पक्कं कर. आणि अंदाजपंचे गोळे काळे करू नको. बरोबर उत्तराला ४ मिळतात, चुकलं तर १ जातो. एकाने सगळे १८० सोडवले, १०० बरोबर आले: ४०० वजा ८०, म्हणजे ३२०. दुसऱ्याने १३० च सोडवले, त्याचेही १०० बरोबर आले: ४०० वजा ३०, म्हणजे ३७०. अभ्यास तेवढाच, पण फरक ५० गुणांचा.

बारावीसाठी मुलाला राज्याबाहेर पाठवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते, कारण ती प्रेमापोटी होते. दहावीला कमी पडले म्हणून आईवडील कर्ज काढून मुलाला क्लाससाठी राजस्थानात कोटा शहरात पाठवतात आणि तिथल्याच एखाद्या शाळेत अकरावी-बारावीला नाव घालतात. सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या असतात. त्यांच्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पास असावी लागते; सवलत ठरावीक गटांनाच आहे, उदाहरणार्थ बदली झालेल्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची मुलं. बारावी बाहेर झाली की जन्म गिरगावातला असूनही केईएम, नायर, सायन, कूपर आणि जेजेच्या या जागांवरचा हक्क हातचा जातो. उरतात त्या देशपातळीवरच्या १५ टक्के जागा. क्लास कुठेही करा, नाव मात्र महाराष्ट्रातल्या कॉलेजात ठेवा.

नीटचा फॉर्म भरला, म्हणजे सगळं झालं असं वाटणं

नीटच्या निकालानंतर राज्याच्या प्रवेशांचं काम बघणाऱ्या सीईटी कक्षाकडे वेगळी नोंदणी करावी लागते. देशपातळीवरच्या जागांसाठी एमसीसी या केंद्राच्या प्रवेश समितीकडे आणखी वेगळी. दोन्ही मुदती थोड्या दिवसांच्या असतात.

कागदांचंही तेच. वय, अधिवास व राष्ट्रीयत्वाचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर किंवा ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल घटक) दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, मध्ये वर्ष गेलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. हे निकालानंतर काढायला निघालात तर तहान लागल्यावर विहीर खणण्यातला प्रकार होतो. जून महिन्यात वांद्रे पूर्वेच्या उपनगर जिल्हाधिकारी कार्यालयाबाहेर भर पावसात छत्रीखाली फाइल सांभाळत उभी असलेली माणसं मी पाहिली आहेत. बारावीच्या दिवाळीतच अर्ज टाका. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव, आधार आणि जातीचा दाखला यांत एका अक्षराचा फरक असला तरी तेव्हाच दुरुस्त करून घ्या.

पसंतीक्रमात फक्त मुंबई

गुण काठावर असताना केईएम, नायर, जेजे एवढीच नावं भरून मुलं मोकळी होतात. खाली अलिबाग, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, नंदुरबार, अंबरनाथ ही सरकारी कॉलेजं लिहायला काय हरकत आहे? पदवी सगळ्यांना नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचीच मिळते. आवडीची कॉलेजं वर ठेवा, पण यादी लांब भरा. आणि जागा मिळाल्यावर स्टेटस रिटेन्शनचा, म्हणजे मिळालेलीच जागा कायम ठेवण्याचा, फॉर्म घाईने देऊ नका. तो दिला की पुढच्या फेरीत वर सरकता येत नाही.

"सीट करून देतो" म्हणणाऱ्यावर विश्वास

कमी गुणांच्या पालकांना फोन येतातच. एमबीबीएसचा प्रवेश, खासगी आणि अभिमत विद्यापीठांचासुद्धा, नीटच्या गुणवत्तेवर आणि केंद्रीभूत फेऱ्यांमधूनच होतो. रोख मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. "परदेशात नीट लागत नाही" असं सांगणाराही फसवतोच आहे. परदेशात एमबीबीएस करून भारतात डॉक्टरकी करायची तर नीट पात्र असावंच लागतं. शिवाय अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, शिकवणं इंग्रजीतून, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि त्या देशात डॉक्टर म्हणून नोंदणीचा हक्क हवा. हे चारही मुद्दे कॉलेजच्या लेटरहेडवर लेखी मागा, आणि ते हातात येईपर्यंत पासपोर्टही कुणाच्या ताब्यात देऊ नका.