सिंथेसायझरच्या आवाजाची तुलना कशी करावी

सिंथेसायझर निवडताना बहुतेक जण त्यातले तयार आवाज एकामागून एक वाजवून पाहतात आणि त्यांतला सर्वांत भारदस्त वाटणारा पसंत करतात. या तयार आवाजांवर रिव्हर्ब (घुमारा) आणि डिले (प्रतिध्वनी) या इफेक्टची पुटे चढवलेली असल्याने यंत्राचा मूळ नादगुण त्यांखाली झाकला जातो. म्हणून तुलनेपूर्वी सर्व इफेक्ट बंद करावेत.

त्यानंतर दोन्ही यंत्रांची पातळी जुळवावी, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक भरीव वाटतो. एकच लहानशी धून मिडीवरून (यंत्रांना स्वरांच्या सूचना पाठवण्याची पद्धत) दोन्हीकडे पाठवावी. पट्टी हळू दाबली की जोरात, याचा रोलँडच्या ज्युनो-१०६ या सिंथेसायझरवर काहीच परिणाम होत नाही, तर यामाहाच्या डीएक्स-७ मध्ये त्यानुसार आवाजाचा रंगही बदलतो. त्यामुळे धुनेतले सर्व स्वर सारख्याच जोराचे ठेवावेत.

आता फिल्टर (आवाजातले काही स्वरांश गाळणारा भाग) पूर्ण उघडून सॉटूथ (करवतीच्या दात्यांसारख्या) लहरीचा एक लांब स्वर मंद्र सप्तकात धरावा. १९७० च्या मिनीमूगमधले तीन ऑसिलेटर (मूळ लहर निर्माण करणारे भाग) एका सुरात लावले, तरी ते एकमेकांपासून केसभर सरकत राहतात आणि तानपुऱ्याच्या जोडीच्या तारांसारखी त्यांच्यात हलकी आंदोलने उमटतात. १९८४ च्या ज्युनो-१०६ मध्ये ऑसिलेटरवर डिजिटल नियंत्रण असल्याने सूर ढळत नाही. पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी खोलीचे तापमान झपाट्याने बदलते, तेव्हा जुने अॅनालॉग यंत्र अर्धा तास आधी सुरू करून ठेवावे आणि मगच सुरात लावावे.

यंत्राचा खरा स्वभाव फिल्टरमध्ये कळतो, असे माझे ठाम मत आहे, आणि सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. तोच स्वर धरून कटऑफ (जिथून फिल्टर आवाज कापू लागतो ती मर्यादा) वरून खाली अगदी सावकाश आणावा; आधी रेझोनन्स (कटऑफजवळचा आवाज उठावदार करणारे नियंत्रण) शून्यावर, मग मध्यावर, मग पूर्ण. मिनीमूगचा ट्रान्झिस्टर-लॅडर फिल्टर कटऑफच्या वर दर सप्तकाला २४ डेसिबल उतरतो आणि रेझोनन्स वाढवत गेले की खर्ज पातळ होत जातो. ओबरहाइम एसईएमचा फिल्टर १२ डेसिबलचा असल्याने कटऑफ खाली आणूनही वरचे स्वरांश बरेच शिल्लक राहतात व आवाज मोकळा वाटतो. कॉर्ग एमएस-२० मध्ये हाय-पास (खालचे स्वरांश गाळणारा) आणि लो-पास (वरचे गाळणारा) असे दोन फिल्टर असून दोघांचाही रेझोनन्स वाढवला, तर आवाज किंचाळतो. हे ऐकताना दोन यंत्रांच्या बटणांवरचे आकडे जुळवू नयेत, कारण सारख्या आकड्याला कटऑफ सारखा असेलच असे नाही. उजळपणा कानानेच जुळवावा.

१९८३ च्या यामाहा डीएक्स-७ ला असा फिल्टरच नाही. तिथे लहर निर्माण करणाऱ्या सहा ऑपरेटरांपैकी मॉड्युलेटरची, म्हणजे दुसऱ्या ऑपरेटरचा आवाज बदलणाऱ्याची, पातळी हळूहळू वाढवून आवाज कसा उजळतो आणि कुठे कर्कश होतो, ते पाहावे.

शेवटी यंत्राचे स्वतःचे इफेक्ट सुरू करून पुन्हा ऐकावे. ज्युनोचा स्टिरिओ कोरस (आवाज दाट आणि पसरट करणारा इफेक्ट) त्याच्या ओळखीचाच भाग असल्याने त्याला कायम बंद ठेवून निकाल देणे अन्यायाचे ठरेल. या फेरीत यंत्रे मित्राला बदलायला सांगून आपण यंत्रांकडे पाठ करून बसावे. गणेशोत्सवाआधी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू असताना खर्जाचा अंदाज स्पीकरवर येत नाही, त्या दिवसांत बंदिस्त हेडफोन वापरावेत.

जपानमधून आलेले जुने यंत्र ऐकायला घेताना यंत्राच्या मागच्या बाजूची माहितीपट्टी आधी वाचावी. त्यावर १०० व्होल्ट लिहिलेले असेल, तर ते आपल्याकडच्या २३० व्होल्टला थेट जोडू नये. पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या बाजारातून योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणावा आणि मगच यंत्र सुरू करावे.