शारांत-प्वातूचं लोणी घरी आणलंय? या चुका टाळा

पहिल्यांदा हे लोणी आणलं तेव्हा वेष्टण उघडताच आंबूस वास आला आणि मी ते जवळजवळ टाकूनच देणार होते. आत्याने चिमूटभर तोंडात घातलं आणि म्हणाली, "अगं, खराब कुठलं? हे विरजणाचं आहे." तिचं बरोबर होतं. पॅकेटातल्या पिवळ्या खारट बटरची सवय झाली की आपलीच चव ओळखू येत नाही.

शारांत-प्वातू हा फ्रान्सच्या पश्चिमेकडचा प्रदेश. १८७०च्या दशकात फायलॉक्सेरा नावाच्या किडीने तिथले द्राक्षमळे संपवले. शेतकऱ्यांनी वेली उपटून गवत लावलं, गाई पाळल्या. १८८८मध्ये सुर्जेरजवळच्या शाये गावात एजेन बिरो यांनी तिथली पहिली सहकारी डेअरी काढली. पुढे १९७९मध्ये या लोण्याला मूळस्थानाचं संरक्षण मिळालं. शारांत, शारांत-मारितीम, द-सेव्र, व्हिएन आणि व्हांदे हे जिल्हे त्यात येतात. साय विरजून तासन् तास मुरवायची आणि मग घुसळायची, ही त्याची पद्धत आपल्या घरच्या लोण्याच्या फार जवळची आहे.

म्हणून वास आंबूस, थोडा भाजलेल्या बदामासारखा येत असेल तर घाबरू नका. खवट लोण्याची खूण वेगळी असते: जुन्या तेलाचा किंवा रंगाच्या डब्याचा वास, आणि वर गडद, अर्धपारदर्शक पापुद्रा. पापुद्र्याखालचं लोणी चांगलं लागत असेल तर तेवढाच थर खरवडून काढा.

खरेदी करतानाची चूक म्हणजे वेष्टणावर फ्रान्सचं नाव वाचून खूश होणं. फ्रेंच बटर म्हणजे शारांत-प्वातू नव्हे. कोकणातला प्रत्येक आंबा हापूस नसतो, तसंच. प्रदेशाचं पूर्ण नाव आणि लाल-पिवळं गोल एओपी चिन्ह (मूळस्थानाच्या संरक्षणाचं), दोन्ही शोधा. सोबत 'दू' (doux) लिहिलं असेल तर बिनमिठाचं, 'देमी-सेल' (demi-sel) असेल तर खारवलेलं. केकसाठी चुकून खारवलेलं आणलंत तर पाककृतीतलं मीठ गाळा.

फ्रीजमध्ये ते उघडं ठेवू नका. कापलेला कांदा, पिकलेला फणस, काल रात्रीचं सुकट, जे शेजारी असेल त्याचा वास लोणी ओढून घेतं. कागदात घट्ट गुंडाळा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. जास्त असेल तर छोटे तुकडे करून फ्रीजरमध्ये टाका, आणि वितळवायचं असेल तेव्हा आदल्या रात्री खालच्या कप्प्यात आणा. ओट्यावर ठेवून वितळवलं की कडेने पाणी सुटतं आणि मध्ये दगड राहतो.

आता क्रोसाँ, म्हणजे पिठात लोणी ठेवून, लाटून, घड्या घालून केलेली पदरांची फ्रेंच चंद्रकोर. यातच सगळ्यात जास्त लोणी वाया जातं आणि सगळ्यात जास्त रडू येतं. हे लोणी फ्रान्समध्ये पदराच्या पिठासाठी नावाजलेलं आहे, कारण ते घट्ट असूनही लवचीक राहतं. मात्र लोणी आणि पीठ सारख्याच मऊपणाचं हवं. फ्रीजमधून काढून थेट लाटलंत तर लोण्याचे आत तुकडे पडतात, पदर फाटतात आणि क्रोसाँ पावासारखं होतं. फार मऊ झालं तर ते पिठात मुरतं, भट्टीत ताटभर तूप सुटतं. लोणी बटरपेपरच्या दोन घड्यांत ठेवून लाटण्याने बडवा. वाकवलं तर वाकलं पाहिजे, तुटता कामा नये आणि बोटाला चिकटताही कामा नये. साधारण १३ ते १५ अंशांना हे जमतं. पुण्या-मुंबईत मेमध्ये दुपारी हे करूच नका. मी केलंय, ओट्यावर ओघळ आला होता. पहाटे किंवा एसीच्या खोलीत करा आणि प्रत्येक घडीनंतर पीठ अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. मधेच लोणी डोकावायला लागलं तर लाटणं थांबवा, वर थोडं पीठ भुरभुरवा आणि थंड होऊ द्या. जोर लावून ते आत जात नाही.

तळायला, फोडणीला हे वापरू नका. त्यातला दुधाचा अंश लवकर करपतो आणि ज्या वासासाठी पैसे मोजले तोच जातो. भाजी, मासे किंवा भात शिजल्यावर गॅस बंद करून वर गोळा सोडा. पावाला लावायचं तर १५-२० मिनिटं आधी बाहेर काढा. गारठलेल्या लोण्याला चव नसते. उन्हाळ्यात ५ मिनिटं पुरतात.

आणि तळाला थोडं उरलं, खवट झालं नाही पण नुसतं खावंसं वाटत नाही, तर कढवून टाका. मात्र बिनमिठाचंच. विरजणाच्या लोण्याचं तूप रवाळ होतं, आणि कढईत राहिलेल्या बेरीत साखर घालून आमच्याकडे मुलं भांडतात.